ई रिकामा करणे

आमच्या थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षाची ही गोष्ट आहे. तिला बत्तिसावं लागलं होतं. मुलाकडची माणसं बोलणी पक्की करायला आली आणि चहा देता देता तिला फिट आली. मुलाचे वडील सभ्य गृहस्थ. फुटलेल्या कपाचे तुकडे त्यांनी स्वतः वाकून उचलले, थोरली शुद्धीवर येईपर्यंत थांबले, आणि दोन दिवसांनी फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मी त्या वेळी जिन्यात होतो. तिला फिट आली की मी खोलीतून बाहेर जातो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बायको तिला कुशीवर करायची, मानेखाली हात द्यायची. मी बाहेर कठडा धरून पायऱ्या मोजायचो. चौदा पायऱ्या. वरून खाली, खालून वर. मोजणं थांबायचं ते बायकोने "या आत" म्हटल्यावर.

आणि गंमत अशी की माझी नोकरी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. सकाळी कुलूप उघडायचं, झाडून पुसून घ्यायचं, पेशंटला पलंगावर घ्यायचं, डोक्याला चिकटवलेल्या तारा काढल्या की केसांतला गोंद धुऊन द्यायचा. तिथेही कुणाला फिट आली की मी बादली उचलून बाहेर. डॉक्टरीणबाईंनी एकदा पाहिलं होतं, पण बोलल्या नाहीत.

थोरली बालवाडीत शिकवायची. मुलांसमोर एकदा फिट आल्यावर तिथूनही तिला घरी बसवलं. रिकामं बसवेना, म्हणून तिने मला अक्षरं शिकवायला घेतली. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा.

"पेन असं धरू नका बाबा. तो झाडू नाही."

"सवय कशाची आहे हाताला?"

"मग अक्षरंही तशीच येणार, कोपऱ्यात गोळा झालेली."

सात महिन्यांत मी वाचायला लागलो. नंतर तिने मला इंग्रजीची मोठी सव्वीस अक्षरंही दिली, कारण औषधांच्या खोक्यांवर ती असतात. डी म्हणजे पोट सुटलेला माणूस. ई म्हणजे तीन दातांचा कंगवा. लहानपणी शिकलेले लोक अक्षरांवरून नजर फिरवत पुढे जातात. माझं तसं नव्हतं. मी अक्षरावर पाय रोवून उभा राहायचो. लिहिलंय ना, मग आहे.

वाचता येतं म्हटल्यावर दवाखान्यात मला एक नवं काम मिळालं.

तारांच्या खोलीत, खिडकीखाली, एक कॉम्प्युटर होता. मेंदूचा आलेख घेणारं यंत्र जुनं होतं आणि ते फक्त जुन्या सिस्टिमशी बोलायचं. डॉक्टरीणबाईंना आलेख वाचायला लागणारा प्रोग्रॅम मात्र नव्या सिस्टिमवरच चालायचा. म्हणून एकाच पेटीत दोन्ही बसवलेल्या होत्या. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, जुनी का नवी. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही तर वरची ओळ आपोआप सुरू व्हायची. वरची ओळ नवीची.

त्याच पेटीत साठवणीचे दोन कप्पे होते, ई आणि डी. एकात रोजची कच्ची रेकॉर्डिंगं, आलेख आणि सोबत कॅमेऱ्याचं चित्र. दुसऱ्यात जपून ठेवायची निवडक. दर शनिवारी सकाळी कच्चा कप्पा पुसायचा, म्हणजे पुढच्या आठवड्याला जागा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी लिहिलं, आणि ती चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली:

ई रिकामा करणे. डी ला हात लावू नये.

माझ्या आयुष्यात मी लिहून भिंतीवर किंवा कशावर लावलेला तो पहिला मजकूर. थोरलीने येऊन पाहिला आणि म्हणाली, "णे जरा उताणा पडलाय, पण चालेल."

कृती पाठ होती. ईवर जायचं, उजवं बटण, खालून पाचवी ओळ, मग हो. कॉम्प्युटर विचारायचा, सगळं पुसलं जाईल, नक्की का. पुन्हा हो. पहिल्या वेळी त्या प्रश्नाची धडकी भरली होती. पंचवीस शनिवार झाल्यावर भरत नव्हती.

लग्न मोडल्यावर डॉक्टरीणबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, "काका, औषधांनी जेवढं होणार तेवढं झालं. ऑपरेशनचा विचार करू. पण मेंदूच्या कुठल्या ठिकाणाहून फिट सुरू होते ते आधी बघावं लागेल. सुरू होताना पकडायला हवी."

थोरलीला आतल्या खोलीत पाच दिवस ठेवलं. औषधं बंद केली. डोक्याला चोवीस तारा, समोर कॅमेरा. चार दिवस काहीच झालं नाही. ती पलंगावर बसून माझ्यासाठी वहीत कित्ता लिहायची. "माझ्या डोक्याला लाज वाटतेय पाहुण्यांची," म्हणायची. पाचव्या दिवशी सकाळी आली. साडेअकरा मिनिटं. मी बादली घेऊन बाहेर होतो. आतून बायकोचा आवाज ऐकला, तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ओठ निळे पडले, श्वास थांबला, डॉक्टरीणबाईंनी दोन इंजेक्शनं दिली तेव्हा परत आली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मिळालं आपल्याला. सुरुवात स्वच्छ मिळाली आहे. पण सांगून ठेवते, हिची औषधं मी पुन्हा बंद करणार नाही. पुढच्या वेळी ती परत येईल याची मला खात्री नाही."

सर्जन बाहेरगावाहून चार महिन्यांतून एकदा यायचे. ते येत्या बुधवारी येणार होते. रेकॉर्डिंग बघून हो किंवा नाही सांगणार होते. रेकॉर्डिंग डीवर, म्हणजे जपण्याच्या कप्प्यात ठेवलं होतं. तारा लावणारी मुलगी, तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो, मला दाखवत म्हणाली, "वाचा काका." पडद्यावर माझ्या मुलीचं नाव होतं. मी दोनदा वाचलं. "आणखी एक प्रत काढायला हवी," ती म्हणाली, "सोमवारी काढू."

त्यानंतरचा तो शनिवार.

साडेआठला मी कुलूप उघडलं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि बादली भरायला गेलो. परत आलो तर पडदा उजळलेला होता, नेहमीचंच निळं चित्र. मी हात पुसले, खुर्चीत बसलो, चिठ्ठीकडे पाहिलं. ई. उजवं बटण. खालून पाचवी. हो. नक्की का. हो.

काम लगेच झालं. मग मी डी उघडला. तिचं नाव पुन्हा एकदा वाचावं, एवढंच मनात होतं.

डीमध्ये एकच नाव होतं, आणि ते शुक्रवारी आलेल्या एका लहान मुलाचं होतं.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. ई उघडला. पांढरा. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. चिठ्ठी समोरच होती. माझंच अक्षर. ई म्हणजे ई. मी डीला हात लावला नव्हता. मग ती गेली कुठे?

नऊला ताई आली. पिशवी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाली, "काका, सांगायचं राहिलं, कच्चं पुसायचं नाही आज. तुमच्या लेकीच्या पाच दिवसांनी ते गच्च भरलं होतं, मीच काल सकाळी साफ केलं."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. सांगायला तोंड उघडलं होतं, आणि त्यातून बरं बाहेर पडलं. एकदा बरं म्हटल्यावर त्याच्या पुढचं बोलणं अवघड होत गेलं. मी फरशी पुसायला घेतली. जी पुसून झाली होती तीच.

साडेनऊला शुक्रवारच्या त्याच मुलाला पलंगावर घेतलं. त्याचा आलेख दुसऱ्या दिवशीही घ्यायचा होता. त्याला मी धरून ठेवलं, ताईने तारा चिकटवल्या. माझे हात कापत होते. मुलाने विचारलं, "आजोबा, तुम्हाला थंडी वाजतेय?"

"हो रे बाबा."

"मला नाही वाजत," तो म्हणाला.

डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सांगितलं तर डॉक्टरीणबाई म्हणणार, पुन्हा करावं लागेल. पुन्हा म्हणजे औषधं बंद, पुन्हा ओठ निळे. किंवा म्हणणार, आता काही करता येत नाही. या दोहोंपैकी जे काही ऐकायला मिळेल, ते ऐकेपर्यंत मला वेळ हवा होता. जिन्यात उभं राहिल्यासारखा. मी मनात म्हणत होतो, सोमवारी. सोमवारी ताई प्रत काढायला बसेल, तिला दिसेल, तिचं ती बघेल. मी असा विचार केला हे मला लिहायला लाज वाटते, पण केला.

अकराला बायको थोरलीला घेऊन आली. टाळूवर गोंदाने कातडी सोलली होती, ती दाखवायला. थोरली बाकावर माझ्याजवळ बसली. डोक्याला रुमाल, चेहरा उतरलेला, पण डोळे हसत होते.

"काय बाबा, वाचलंत का आज माझं नाव?"

"वाचलं."

"कानामात्रेसकट?"

"सगळं."

बायको म्हणाली, "अहो, तुमचा चेहरा का असा? काही खाल्लं नाहीत?"

"ऊन आहे."

"ऊन बाहेर आहे. तुम्ही आत आहात."

थोरली हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला आता भीती वाटत नाही. आधी वाटायचं, ती कुठून येते, कधी येते, कुणाला माहीत. आता ती पेटीत आहे. पकडली तिला." तिने खिडकीखालच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आता तिने कितीही म्हटलं मी नाही त्यातली, तरी उपयोग नाही."

मी उठून पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा त्या दोघी आत गेल्या होत्या. नंतर त्या निघाल्या तेव्हा मी हात हलवला.

पावणेएकला ताई पलंगाशेजारी बसून त्या मुलाला गोष्ट सांगत होती. मी दाराशी उभा होतो. शेवटी विचारलं, "ताई, पुसलेलं परत येतं का हो?"

"कशावरचं? फळ्यावरचं?"

"यातलं."

"येतं कधीकधी. वरून दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तारा बघत होती. "लिहिलं गेलं की मग नाही."

"आणि आज कोणी लिहिणार नाही ना त्याच्यावर? जपण्याच्या कप्प्यावर?"

"कोणी कशाला लिहायला हवं. रोज एकला आपोआप नक्कल होते. कच्च्यातलं खूण केलेलं जपण्याच्या कप्प्यात. या पिल्लाचं कालचं आणि आजचं जाईल आता." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "का हो काका?"

घड्याळात एकला चार मिनिटं होती.

तोंडाचा मला भरवसा राहिला नव्हता. सकाळी बरं म्हणाल्यासारखं ते पुन्हा काहीतरी भलतंच म्हणालं असतं. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसलो, भिंतीतली पिन दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

पडदा काळा झाला. यंत्राची घरघर थांबली. मुलगा म्हणाला, "गेली लाइट."

"काका, काय केलंत हे?" ताई उभी राहिली. "अहो, त्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. तीन तास धरून ठेवलाय मी त्याला."

मी टेबलाखालूनच सांगितलं. पिन हातात धरून. थोरलीचं सगळं मी पुसलं, सकाळी साडेआठला, चिठ्ठीत बघून पुसलं, आणि तुम्हाला सांगितलं नाही.

ती हळूच खुर्चीत बसली. "वरची ओळ," ती म्हणाली. "वरची ओळ मी बदलली होती, जुनीला वर आणलं होतं. तिच्या पाच दिवसांसाठी. वीज गेली आणि परत आली, तर आलेखाची सिस्टिम आपोआप सुरू व्हावी म्हणून. परत जागेवर ठेवायची विसरले." आणि मग, "निळं चित्रही मीच दोन्हीकडे एकच लावलं. वेगवेगळं असलं की डॉक्टर गोंधळतात म्हणून."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न मला नव्हता, ताईला होता: "प्रत?" ताईने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता. त्या म्हणाल्या, "चिठ्ठीवर अक्षर तुमचं आहे काका. मजकूर माझा आहे." आणि फोन करायला गेल्या.

दोनच्या सुमाराला पेचकस आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, खिशात कायम तीन-चार पेचकस, म्हणून ते नाव. मला मामा म्हणायचा. त्याने पेटी उघडली, जपण्याचा कप्पा म्हणजे एक चपटी डबी होती, ती अशी बाहेर काढली जशी काही तिला झोप लागली आहे.

मी विचारलं, "मी ईच पुसला. डोळ्यांनी पाहून पुसला."

"ईच पुसलात मामा. पण कुणाचा ई?" तो स्क्रू सोडवत बोलत होता. "मामींना तुम्ही काय म्हणता?"

"अगं म्हणतो."

"त्यांचा भाऊ?"

"अक्का."

"आणि तुमचा धाकटा भाऊ?"

"वहिनी."

"बाई एकच ना? अक्षर या डबीवर कोरलेलं नसतं. सिस्टिम उठते, समोर जे कप्पे दिसतील त्यांना आपल्या हिशेबाने हाक मारते. नवी ज्याला डी म्हणते, त्याला जुनी ई म्हणते. तुमच्या चिठ्ठीतला शब्द न् शब्द खरा आहे, पण नवीच्या घरात. तुम्ही बसला होता जुनीच्या घरात."

"मग याला स्वतःचं असं नाव नाही?"

"देता येतं. दिलेलं दोघी पाळतात. इथे कोणी दिलं नव्हतं." त्याने डबी कापडात गुंडाळली. "पिन ओढलीत ते मात्र झकास केलंत. पुसताना मजकूर जात नाही लगेच, पुढची अनुक्रमणिका तेवढी फाटते. एकची नक्कल झाली असती तर मी हात टेकले असते. सकाळी नऊलाच ओढली असती तर आणखी बरं. सिस्टिम स्वतःसुद्धा बारीकसारीक खरडत असते. साडेचार तास चालू होती ती."

ते साडेचार तास माझे होते.

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. बायको ऐकत होती आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दाबत होती. थोरली म्हणाली, "म्हणजे मघाशी बाकावर तुम्ही..." आणि थांबली. मी मान खाली घातली. ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला. ती वही घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. "रोजचं पान लिहा," म्हणाली. मी लिहिलं. एकही ओळ सरळ आली नाही, आणि तिने एकही चूक दाखवली नाही. ते जास्त भीतीचं होतं.

रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी पेचकस आला, दाढी वाढलेली. त्याने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नवी डबी ठेवली.

"तीनशे बारा निघाली. पण नावं नाहीत, तारखा नाहीत. नुसते आकडे. आणि लांब असतील ती तुटून दोन-दोन, तीन-तीन झालीत. काही अर्धीच आहेत."

सर्जन बुधवारी सकाळी दहाला येणार. डॉक्टरीणबाईंना दिवसभर पेशंट होते, ताईला तारा होत्या. सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे नाही पाहिलं.

"मी बसतो," मी म्हटलं. "तिला मी ओळखतो."

ताई म्हणाली, "काका, त्यात सगळ्यांच्या फिट आहेत."

"माहीत आहे."

मी तिच्या खुर्चीत बसलो. एक. दोन. तीन. सहा वर्षांतले पेशंट, ज्यांचे केस मी धुतले होते. मी बाहेर गेल्यावर आत काय चालायचं, ते पहिल्यांदाच बघत होतो. एक म्हातारे मास्तर ताठ झाले आणि पलंगाची कड हलवू लागले. एक बाई हसत होती, हसणं थांबत नव्हतं. माझी बोटं टेबलाच्या कडेवर पायऱ्या मोजायला लागली. मी हात खाली घेऊन मांडीखाली दाबून ठेवला. चाळीस. साठ. दुपारी ताईने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. शंभर. दीडशे.

एकशे अठ्ठ्याऐंशी उघडलं आणि थोरली दिसली.

मधूनच सुरू झालं होतं. ती वाकडी झालेली, बायको तिच्यावर ओणवी. तोच आवाज. मी खुर्चीचे हात धरले आणि बसून राहिलो. ओठ निळे होताना पाहिले. डॉक्टरीणबाई धावत येताना पाहिल्या. कोपऱ्यात दार दिसत होतं, आणि दाराबाहेर बादली घेऊन उभी असलेली माझी पाठ दिसत होती.

डॉक्टरीणबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. "ही आहे. पण हा शेवट आहे. सर्जनना सुरुवात लागेल. सुरुवात नसेल तर हे दाखवून उपयोग नाही."

"असेल," मी म्हटलं. असेल की नाही ते मला काय ठाऊक. साडेचार तास सिस्टिम कुठे खरडत होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकशे नव्वद. दोनशे. दुसऱ्यांचीच. दोनशे दहा उघडलंच नाही, काळं. दोनशे अकरा नुसती रिकामी खोली. दोनशे तीस काळं. दवाखाना बंद करायची वेळ झाली, पण कोणी गेलं नाही. ताई माझ्या शेजारी स्टुलावर बसून होती, पर्स मांडीवर.

दोनशे एकेचाळीस. थोरली पलंगावर बसलेली. मांडीवर वही. ती लिहीत होती, माझा कित्ता. लिहिता लिहिता तिने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं, जीभ दाखवली, पुन्हा लिहायला लागली. मग पेन थांबलं. चेहरा तसाच शांत. पण तिचा डावा हात चादरीवर होता आणि त्याची दोन बोटं चादर वेचायला लागली. हळूहळू. जसे तांदळातले खडे वेचावेत. बारा सेकंद. मग मान वळली.

"थांबवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आलेखाच्या ओळींवर बोट ठेवलं, उजव्या कानामागच्या तारेच्या ओळीवर. "इथून. हेच. हेच मी तेव्हा पाहिलं होतं." त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

बत्तीस वर्षं मी तिचा बाप होतो, त्यांतली अठरा तिला फिट येत होत्या, आणि ती बारा सेकंदं मला माहीत नव्हती. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "हो, हात आधी चालतो तिचा. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

बुधवारी सर्जननी दोनशे एकेचाळीस तीनदा पाहिलं आणि हो म्हटलं. दवाखान्यात त्याच आठवड्यात कप्प्यांना नावं दिली: कच्चं आणि जतन. जुन्या सिस्टिमला पिवळं चित्र लावलं. चिठ्ठी मीच काढली. नवी लिहायला ताईने सांगितलं, तेव्हा मी थोरलीला विचारून लिहिली: आधी नाव वाचणे.

ऑपरेशन सहा आठवड्यांनी सर्जनांच्या गावी झालं. त्यानंतर आठ वर्षं तिला एकही फिट आली नाही. ती पुन्हा बालवाडीत गेली. मी मात्र आठही वर्षं, ती जेवताना, वाचताना, बोलताना, तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. ती म्हणायची, "बाबा, माझं तोंड वर आहे." मी म्हणायचो, "हो, हो," आणि हाताकडेच बघायचो. खोलीतून बाहेर मी पुन्हा गेलो नाही.

थोरली वारली ती ऑपरेशननंतर नवव्या वर्षी, एका सोमवारी सकाळी सातच्या आधी, न्हाणीघरात, आतून कडी लावलेली असताना, फिट येऊन. तिला एकेचाळीसावं चालू होतं.